मापाचे सत्तावीस दोरे

एका घाटाखालच्या गावात एक विणणारी बाई राहत होती. तशा त्या गावात सगळ्याच बायका विणायच्या. कार्तिक लागला की तिथे थंडी अशी पडायची की सकाळी पाण्याच्या हंड्याला हात लावायला जीव घाबरायचा. त्यामुळे घरोघरी दोन सुया आणि लोकरीचा गुंडा असायचाच. पण बाकीच्या बायका विणायच्या त्या थंडी वाजते म्हणून, आणि ही विणायची ती रंग दिसतात म्हणून.

रंग तिला कुठेही दिसायचे. हरभऱ्याच्या घाट्याचा पोपटी, जांभळं खाऊन आलेल्या पोरांच्या जिभा, चुलीत भाजलेल्या वांग्याची साल, पावसात विसरलेला गंजका विळा. एकदा तर ती लग्नाच्या पंगतीत भरल्या पानावरून उठली. आमटीवरची लाल तर्री आणि तिच्यावर पडलेली कोथिंबीर तिने बघितली, आणि तिला राहवेना. यजमानीण मागे धावली, “अहो, काय कमी पडलं?” म्हणाली. ही तोवर घरी पोहोचून टाके घालत बसली होती.

सुया ती स्वतःच बांबूच्या तासायची, म्हणून सुयांची कधी टंचाई नव्हती. एक काम सुयांवर असताना दुसरा रंग दिसला की पहिलं बाजूला ठेवायचं आणि नव्या सुया घ्यायच्या. तिच्या घरात कोनाड्यात अर्धी बाही होती, खुंटीवर पाऊण मफलर होता, पिठाच्या डब्यावर एका स्वेटरची नुसती पाठ होती. पाहुणा आला तर बसण्याआधी खाली बघून बसायचा, कारण सुई टोचायची.

त्या गावात एक रीत होती. ज्याच्यासाठी काही विणायचं, त्याच्या घरी जाऊन त्याच्या छातीभोवती लोकरीचा धागा फिरवायचा, माप झालं तिथे गाठ मारायची आणि तो दोरा विणणारीने आपल्याकडे ठेवायचा. ज्याचं माप घेतलं त्याच्या घरचे विणणारीच्या हातावर गूळखोबरं ठेवायचे. आणि एकदा माप दिलं की ते काम पुरं होईपर्यंत गावातली दुसरी कुठलीही बाई त्या माणसासाठी सुईला हात लावायची नाही. म्हणे कधीकाळी दोघी बायकांनी एकाच नवरदेवासाठी स्वेटर विणले होते आणि त्यावरून दोन घरांमध्ये तीन पिढ्या बोलणं बंद होतं. तेव्हापासून ही रीत पडली. विणणारी दोरा परत करू शकत होती, नाही असं नाही. पण दोरा परत करणं म्हणजे मला हे जमत नाही असं चारचौघांत कबूल करणं. तशी वेळ कुणी आपल्यावर येऊ द्यायचं नाही.

आपल्या विणणाऱ्या बाईला मापं घ्यायला फार आवडायचं. रंग डोळ्यांत घेऊन ती कुणाच्या तरी दारात उभी राहायची, हातवारे करून सांगायची, “तुमच्यासाठी असा विणणार आहे, खाली जांभळा, मध्ये एक पिवळी रेघ, मोहरीच्या शेतासारखी.” ऐकणाऱ्याचे डोळे चमकायचे. चार बोटं वीण झाली की ती दाखवायला घेऊन जायची आणि सगळी गल्ली जमून म्हणायची, “वा! काय डोकं आहे हो बाईंचं!” शाबासकी मिळाली, गूळ खाऊन झाला. आता पुढे उरलं काय? नुसतं विणायचं उरलं. ते मागे पडायचं.

आता तुम्ही म्हणाल, यात बिघडलं काय? हौस आहे बिचारीची, कुणाचं काही लुबाडत तर नाही. तिलाही अगदी असंच वाटायचं.

गावाच्या वर खिंड होती आणि खिंडीत एक म्हातारा घंटा वाजवायला बसायचा. थंडीत घाटात धुकं इतकं दाट उतरायचं की स्वतःचे पाय दिसत नसत, आणि वळणावर एका अंगाला सरळ दरी होती. म्हातारा पहाटेपासून धुकं उठेपर्यंत दोर ओढत राहायचा. वाटसरू त्या आवाजावर वाट काढायचे. त्याच्याकडे एक घोंगडी होती, पण दोर ओढायला दोन्ही हात लागतात आणि हात वर गेले की घोंगडी खांद्यावरून घसरते. त्याला अंगाला घट्ट बसेल असा जाड स्वेटरच हवा होता.

तीन हिवाळ्यांपूर्वी विणणाऱ्या बाईने त्याचं माप घेतलं होतं. कल्पना तिला खिंडीतच सुचली होती. “बाबा, तुमच्या स्वेटरवर मी अख्खी सकाळ विणणार,” ती म्हणाली होती. “खाली दाट राखाडी धुकं. मग ते विरळ विरळ होत पांढरं होणार. आणि गळ्याशी केशरी ऊन!” म्हातारा इतका हरखला की त्याच्याकडे होता नव्हता तेवढा सगळा गूळ त्याने तिच्या हातावर ठेवला. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, माझ्या स्वेटरात सूर्य येणार आहे.

कल्पना खरंच सुंदर होती. अडचण एवढीच, की सूर्य गळ्याशी होता आणि विणायला सुरुवात खालून करावी लागते. राखाडी, राखाडी आणि पुन्हा राखाडी. सहा बोटं राखाडी विणून बाई कंटाळली. तेवढ्यात तिला कुणाच्या तरी परसात करडईचं फूल दिसलं आणि म्हाताऱ्याची सकाळ पलंगाखाली गेली.

तिची एक शेजारीण होती. शेजारणीचा हात घट्ट होता, वीण अशी आवळून बसायची की बोट शिरणार नाही. रंग तिला एकच ठाऊक होता, तपकिरी. का, तर तो मळत नाही. कार्तिकात एक स्वेटर सुयांवर घालायची, मार्गशीर्षात संपवायची, पौषात दुसरा. विणणारी बाई तिला हसायची. “अगं, सगळ्या गावाला काय मातीची ढेकळं करून सोडणार आहेस?”

शेजारीण सुया न थांबवता म्हणायची, “ढेकळांना थंडी वाजत नाही.”

चौथ्या हिवाळ्यात विणणाऱ्या बाईच्या कानावर आलं, की घाटापलीकडच्या रंगाऱ्याला एक नवा रंग साधलाय. जांभळाही नाही आणि निळाही नाही, असा काहीतरी. मग तिला घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घाट चढून निघाली.

खिंडीत म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. अंगावर घोंगडी, वर गोणपाट, आणि त्यावर सुतळी बांधलेली. तो खोकत होता. तिला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला.

“बसा बसा, बाबा. खोकला कधीपासून?”

“आहे आपला, आठवडाभर. बाई, माझी सकाळ कुठवर आली?”

“येतेय, बाबा. अजून धुक्यातच आहे.”

म्हातारा हसला, हसता हसता पुन्हा खोकला. “धुकं वेळ खातंच. सावकाश होऊ दे.”

बाई पुढे गेली. तिच्या मनात त्या वेळी नवा रंग होता, म्हाताऱ्याचा खोकला ती घाट उतरेपर्यंत विसरलीही. रंगाऱ्याकडे तिने रंग बघितला, आणि तो सांगितला होता त्याहून चांगला निघाला. तिने दोन लडी घेतल्या. रात्री रंगाऱ्याच्या बायकोने तिला ठेवून घेतलं आणि पहाटे ती परत निघाली. या रंगाचं काय करायचं आणि माप कुणाचं घ्यायचं, हेच तिच्या डोक्यात चालू होतं.

अर्ध्या चढावर धुक्याने तिला गाठलं. ती घाबरली नाही. तिने नेहमीसारखे कान टवकारले आणि घंटेची वाट बघत चालत राहिली. बरंच चालली तरी घंटा ऐकू येईना. तिला वाटलं, अजून लांब असेल. आणखी चालली. मग तिचा पाय निसटला आणि पायाखालचा एक दगड सुटून गेला. तो खाली पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात तिच्या अंगाला दरदरून घाम फुटला. ती होती तिथे बसली. हाताला करवंदीची जाळी लागली ती दोन्ही हातांनी धरली. काटे हातात घुसले तरी सोडली नाही.

ऊन वर येऊन धुकं फाटलं तेव्हा तिला दिसलं, की कडा तिच्यापासून हातभर अंतरावर आहे.

ती धावतच खिंडीत गेली. म्हातारा घंटेशेजारच्या झोपडीत पाय पोटाशी घेऊन पडला होता. विस्तव विझला होता. त्याला ताप भरला होता आणि दात वाजत होते. तिने आपली शाल त्याच्या अंगावर टाकली, काटक्या गोळा करून जाळ केला, पाणी तापवून त्याला पाजलं. जरा ऊब आली तशी त्याने डोळे उघडले.

“घंटा वाजली नाही आज,” तो म्हणाला. “कुणी पडलं तर नाही ना, बाई?”

“नाही, बाबा. कुणी नाही.” आपण पडता पडता राहिलो हे तिने सांगितलं नाही. “पण तुम्ही असे गोणपाट पांघरून का बसता? गावात इतक्या बायका विणतात. माझी शेजारीण तर महिन्याला एक संपवते. कुणालाही सांगायचंत!”

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. आपण काय वेड्यासारखं विचारलं, असं तिला वाटावं इतका वेळ बघत राहिला.

“कसं सांगणार?” तो म्हणाला. “माझं माप तुमच्याकडे आहे ना.”

बाईने जाळात एक काटकी सरकवली.

“तुमची शेजारीण येऊन गेली,” म्हातारा सांगू लागला. “दोनदा आली. म्हणाली, बाबा, दोरा परत मागून घ्या, मी दहा दिवसांत करून देते. मी म्हटलं, नको गं. दोरा मागितला तर गावात बाईंचं नाव खराब होईल. त्या मनापासून करतायत, सकाळ विणायची म्हणजे सोपं आहे का? त्यांच्याकडून होईल तेव्हा होईल.”

आपल्याला कुणी शिव्या घातल्या तर आपण उलट बोलून मोकळे होतो. पण कुणी असं बोललं तर काय करायचं? बाईला तिथेच रडू आलं, आणि ते म्हाताऱ्याला दिसू नये म्हणून ती जाळ फुंकत बसली.

खाली येऊन तिने गावात वर्दी दिली. चार तरुण वर गेले आणि म्हाताऱ्याला खाटेवरून खाली घेऊन आले. वैद्याने काढा दिला. घंटा वाजवायच्या पाळ्या ठरल्या. वैद्य म्हणाला, “आत्ता वाचेल. पण महिन्याभरात पुन्हा असाच उघडा वर बसला, तर मला बोलवू नका.”

विणणारी बाई घरी आली, दार लावलं आणि मापाच्या दोऱ्यांची टोपली जमिनीवर उपडी केली. लाल, हिरवे, निळे, पिवळे. ज्या रंगाच्या भरात माप घेतलं, त्याच रंगाचा दोरा. मोजले तर सत्तावीस निघाले. आजवर ती टोपली बघून तिला वाटायचं, केवढ्या कल्पना आहेत आपल्याकडे! आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं, की हे सत्तावीस जण थंडीत बसलेत आणि त्यांच्यासाठी दुसरं कुणी विणूही शकत नाही. आपण कुणाचं काही घेतलं नाही असं ती म्हणत होती. तिने त्यांची ऊब अडवून ठेवली होती.

आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या. टोपली पुन्हा भरून फळीवर ठेवायची. कुणी विचारणार नव्हतं, उलट सगळे वा वा करत होते. नाहीतर दोरे परत करायचे आणि गावात नाक खाली करून हिंडायचं. ती बराच वेळ भिंतीला टेकून बसली. मग उठली, गुळाची ढेप फोडली, खोबऱ्याचे तुकडे केले आणि टोपली घेऊन बाहेर पडली. म्हाताऱ्याचा राखाडी दोरा तेवढा तिने मागे ठेवला.

दारोदार ती एकच वाक्य बोलत गेली. “माझ्याच्यानं झालं नाही. हा तुमचा दोरा, आणि हा तुमचा गूळ.”

कुणी हसलं. कुणी म्हणालं, “चार वर्षांनी आठवण झाली वाटतं!” पाटलीणबाईंनी तर शेजारच्या दोघींना हाका मारून बोलावलं आणि त्यांच्यादेखत दोरा घेतला. एका घरी एक मुलगी बाहेर आली. तिच्या छातीचा म्हणून घेतलेला दोरा आता वीतभर अपुरा पडेल, एवढी ती वाढली होती. मुलीला काही राग नव्हता, तिला आठवतही नव्हतं. बाईला मात्र तो दोरा बघवेना.

शेवटचं घर गावाबाहेरच्या वडापलीकडे होतं. तिथे एक सून राहायची. दोरा तिच्या सासूचा होता, हळदी रंगाचा. सुनेने दार उघडलं, दोऱ्याकडे बघितलं आणि तो हातात घेतला नाही.

“काकू, सासूबाई मागच्या माघात गेल्या,” ती म्हणाली.

बाईला ते माहीत होतं. ती तिसऱ्या दिवशी भेटूनही गेली होती. पण हा दोरा आपल्या घरात आहे हे तेव्हा तिला आठवलंच नव्हतं.

“त्या रोज म्हणायच्या, ती माझ्यासाठी विणतेय, येईल,” सून म्हणाली. आवाज चढवला नव्हता, निवांत सांगत होती. “मला विणता येतं, काकू. घरात लोकर होती. रात्री त्यांचे पाय मी माझ्या मांडीवर घेऊन चोळायचे, आणि लोकर समोर फळीवर असायची.”

“तू विणायचं होतंस गं. रीत मोडायची होतीस.”

“मी म्हटलं त्यांना. नको म्हणाल्या. म्हणाल्या, शब्द दिलाय तिनं.”

बाई दारातच खाली बसली. सुनेने तिला उठवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिने दोरा घेतला, घडी करून पदराच्या टोकाला बांधला आणि म्हणाली, “गूळ राहू दे. गूळ मला नको.”

बाकीच्या घरी निदान पुढच्या थंडीत काही होऊ शकत होतं. या घरी होऊ शकत नव्हतं, आणि हे बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिथून ती थेट शेजारणीकडे गेली आणि राखाडी दोरा तिच्यापुढे धरला. “हा घे. बाबांना दहा दिवसांत तपकिरी करून दे.”

शेजारणीने सुया थांबवल्या. असं तिने क्वचितच केलं असेल. “मी देईन गं. पण त्यांना तपकिरी नको आहे. तीन वर्षं सगळ्या घाटाला सांगत बसलेत, सूर्य येणार म्हणून. आता ढेकूळ घालायला देऊ?”

“मग?”

“पाठ मी करते, बाह्या मी करते, तुझ्याच रंगांत. पुढचं अंग तू कर.”

“आपले हात जुळायचे नाहीत. तुझा घट्ट, माझा सैल. रंग कडेला एकमेकांना भेटणार नाहीत. ध्यान दिसेल नुसतं!”

शेजारीण तिच्याकडे बघून म्हणाली, “थंडीला दिसत नाही ते.”

बाईने पलंगाखालची सहा बोटं राखाडी वीण बाहेर काढली आणि दोघी विणायला बसल्या. पहिले चार दिवस विणणाऱ्या बाईने राखाडीशिवाय काही बघितलं नाही. मन पळायचं, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात एक खंड्या येऊन बसला आणि त्याच्या पाठीवरचा निळा बघून तिचे हात शिवशिवले. तिने शेजारणीला सांगितलं, “दार लावून घे.” शेजारणीने दार लावलं. राखाडी संपलं, पांढरं झालं, सातव्या दिवशी केशरी लागलं. हे केशरी तिने तीन वर्षांपूर्वी मनात बघितलं होतं त्याहून चांगलं वाटलं, कदाचित त्याआधी एवढं राखाडी विणलं होतं म्हणून असेल.

नवव्या दिवशी गळा आला. शेवटची ओळ झाली. बाई सुईवरच्या टाक्यांकडे बघत बसली.

“काय झालं?” शेजारणीने विचारलं.

बाई कानापर्यंत लाल झाली. “टाके बंद कसे करायचे गं?”

शेजारणीला आधी ती थट्टा करतेय असं वाटलं. मग कळलं की नाही. गावातली सगळ्यात नावाजलेली विणणारी, आणि तिने इतक्या वर्षांत काही शेवटाला नेलंच नव्हतं, त्यामुळे लहानपणी आईने शिकवलेलं ती साफ विसरली होती. शेजारीण पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “ये इकडे. दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडून द्यायचा. पुन्हा एक विणायचा. हळू. ओढू नकोस.”

पण बाई इतकी जपून विणत होती, की नेहमीचा सैल हात त्या दिवशी नेमका आवळला. स्वेटर म्हाताऱ्याच्या डोक्यातून घालायला घेतला तो कानांशी अडकला. आतून आवाज आला, “बाई, सकाळ झाली का? मला अंधारच दिसतोय!” वैद्यासकट सगळे हसले. पुन्हा गळा उसवला, पुन्हा सैल हाताने बंद केला, आणि या खेपेला डोकं बाहेर आलं.

स्वेटर नीट बसला होता, उबदार होता. फक्त बाईला भीती होती तसंच झालं होतं. पुढच्या अंगावर धुकं लवकर उठत होतं आणि पाठीवर चार बोटं उशिरा. कडेला रंग एकमेकांना चुकवून गेले होते. बाई मान खाली घालून म्हणाली, “बाबा, जुळलं नाही हो.”

म्हाताऱ्याने हात फिरवून कड बघितली. “न जुळायला काय झालं? वर तसंच असतं. गावाकडचं धुकं आधी उठतं, मागच्या दरीतलं रेंगाळतं. तुम्हाला कसं ठाऊक?”

पुढच्या महिन्यात तो पुन्हा खिंडीत जाऊन बसला. दोन्ही हात मोकळे.

बाईच्या घरात अर्धी कामं अजून पुष्कळ होती. ती त्यांतलं एकेक काढून, ज्याचं त्याला विचारून, हवं असेल तर पुरं करू लागली. मापाचा नवा दोरा तिने त्या हिवाळ्यात घेतला नाही आणि कुणी दिलाही नाही. गावाचं तोंड काही तिने बंद केलं नव्हतं. बरेच दिवस पाणवठ्यावर तिच्या नावाने हसणं चालायचं.

मग फाल्गुनात एका दुपारी ती सून तिच्या दारात आली. ती येईल असं बाईला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“काकू, घंटेवाल्या बाबांचा स्वेटर बघितला,” सून म्हणाली. “माझ्यासाठी विणाल का एक? माप घ्या.”

बाईने तिच्याकडे बघितलं आणि तिला रंग दिसला. जवसाच्या फुलाचा निळा, आणि बाहीच्या टोकाला एवढीशी पांढरी ओळ. इतका स्पष्ट दिसला की तिच्या बोटांना मुंग्या आल्या. शिवाय ही मागतेय, आणि सगळ्या गावात हिचंच देणं तिच्यावर सगळ्यांत मोठं होतं. कुणीही हो म्हटलं असतं.

“आत्ता नाही,” बाई म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघाले असतील. “सुयांवर एक मफलर आहे, त्याला अजून पंधरा दिवस लागतील. तो झाला की मी स्वतः येईन तुझ्या घरी. तोवर दुसऱ्या कुणी विणून दिलं तर खुशाल घे.”

सुनेने खांबाला हात टेकला. तिचे डोळे भरून आले.

“हेच त्यांना सांगितलं असतंत, काकू,” ती म्हणाली, “तर मी विणलं असतं.”

“हो,” बाई म्हणाली. तिने मान वळवली नाही.

सुनेने पदराने डोळे पुसले. “मी थांबते,” म्हणाली आणि उन्हातून घरी गेली.

पंधराव्या दिवशी मफलर संपला. सोळाव्या दिवशी सकाळी बाई धागा घेऊन वडापलीकडे गेली आणि तिने सुनेचं माप घेतलं. पुढच्या थंडीच्या आत तो निळा स्वेटर सुनेच्या अंगावर होता. त्याच्या कडा जुळल्या होत्या आणि गळ्यातून डोकं पहिल्याच खेपेला बाहेर आलं.

तात्पर्य एवढंच: आपण कुणासाठी काही करायला घेतो, तेव्हा तो माणूस आपली वाट बघू लागतो आणि दुसऱ्याची मदत नाकारतो. म्हणून होणार असेल तरच हो म्हणावं, आणि होत नाहीसं दिसलं तर लाज गुंडाळून वेळेत तसं सांगावं.